अर्धा आटा ढिला

गल्लीत सगळे म्हणतात, गायकवाड सरांचा एक आटा ढिला आहे. मी जुन्या ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, आट्यांतलं मला कळतं. एक नाही, अर्धा.

सर आयटीआयत शिकवून निवृत्त झाले. बायको वारल्यापासून एकटेच राहतात. नांदेडात आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं जड आहे की दर हिवाळ्यात कुणा ना कुणाचा गिझर गळतो, आणि गळला की लोक सरांना बोलावतात.

सर आले की आधी बटण बंद करतात, गिझर लेकराचं अंग पुसावं तसा कोरडा पुसतात, मग पिशवीतून पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिका काढतात. त्यांच्या पट्ट्या फाडून एकेका जोडावर चिकटवायच्या, पाणी सोडायचं आणि बादली उपडी करून बसायचं. जी पट्टी आधी भिजेल तो जोड गुन्हेगार.

"हे खालून टपकून राहिलं ना सर, दिसत न्हाई का?" पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा मी म्हणालो होतो.

"पाणी दिसतं तिथं गळत न्हाई, मारोतराव."

"किती वेळ?"

"वेळ लागंल."

दुकान उघडायची वेळ आणि हे पट्टीवरचं वाचत बसलेले. "ह्यो बिलोलीचा पोरगा. वेल्डिंगला हात लई साफ, पण लिहायला बसला की घाम फुटायचा त्याला." मला घाम नाही, संताप फुटत होता. हदगावहून एक पत्र्याची पेटी घेऊन आलेला माणूस मी, सकाळचा एक तास फुकट घालवत नाही.

शेवटी थंड पाण्याच्या पाईपची पट्टी भिजली. सरांनी तिथला नट खोलला, नवी टेप गुंडाळली, परत बसवला. मी खिशात हात घातला.

"किती द्यायचे?"

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणजे किती?"

"काही न्हाई म्हणजे काही न्हाई. च्या पाजा."

माझा खरा राग इथं आहे. उभ्या मोंढा बाजारात मला घासाघिशीत कुणी हरवलेलं नाही. पण समोरचा आकडाच बोलत नसेल तर माणसानं कुठून खाली ओढायचं? त्या दिवशी मी हरलो आणि ते मनात धरून बसलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा टपटप. पुन्हा सर, पुन्हा पट्ट्या, पुन्हा काही न्हाई. तिसऱ्यांदा मला शंका आली. सर गेल्याबरोबर मी बायकोची नेलपॉलिश घेतली आणि नटापासून पाईपपर्यंत एक गुलाबी रेघ ओढली.

थेंब परत सुरू झाला तेव्हा रेघ जागची हलली नव्हती. म्हणजे नट आपोआप ढिला झाला नव्हता, तो ठेवलाच तसा होता. टेप नवी असेपर्यंत दम धरायची, मग सोडायची. मी पाना लावला. बरोबर अर्धा आटा फिरला आणि थेंब थांबला.

मी पाना घेऊन तसाच सरांच्या घरी निघालो. काय बोलायचं ते रस्त्यात जुळवलं होतं. मास्तर माणूस आणि असली लबाडी?

दार उघडंच होतं. सर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर पिशवी. समोर टीव्ही बंद.

"कुठं निघाले का सर?"

"न्हाई."

"कोणी येणार हाय?"

"तसं कोणी न्हाई. पण येतंच की कोणी ना कोणी." मग ते अर्धवट उठले. "गळून राहिला का?"

 मी पाना पाठीमागं धरला.

"हाव सर. लई गळून राहिला."

"चला मग."

"तुम्ही सावकाश या. मी पुढं होतो."

या वयात मी गल्लीतून धावलो. न्हाणीत शिरून पाना लावला आणि नट अर्धा आटा मागं फिरवला. गुलाबी रेघेची दोन टोकं पुन्हा जुळली. थेंब धरायला लागला तोच सरांचे बूट दारात वाजले.

त्यांनी गिझर पुसला. नटापाशी हात थांबला.

"ही रेघ कशाची, मारोतराव?"

"बायकोची नेलपॉलिश सांडली."

"लई सरळ सांडली."

  त्यांनी पिशवीतून एक उत्तरपत्रिका काढली, पट्टी फाडली, नटावर नीट चिकटवली आणि बादली उपडी केली.

"वेळ लागंल."

मी आत च्या टाकायला सांगितलं, दुसरी बादली उपडी केली आणि शेजारी बसलो.

"हा पोरगा कुठला, सर?"