हिअर की लिसन?

आमच्या वाडीत सकपाळ सरांना 'सर, ऐकलंत का?' असं विचारायची कुणाची छाती नाही. विचारलं की अडकलात! सर चष्मा वर सरकवून तुम्हालाच विचारणार, "हिअर की लिसन?"

पोलादपुरात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. बायको गेली, मुलगा मुंबईला. वर्ग सुटला, पण शिकवणं काही सुटलं नाही. "हिअर म्हणजे नुसतं कानावर पडणं. लिसन म्हणजे कान देणं!" हे सांगताना समोरच्याला एक शब्द बोलू द्यायचे नाहीत. शेजारी आमच्या ओटीवर सासूबाई पुटपुटायच्या, "कानच दिला तर कुड्या घालायच्या कुठं गो?"

माझ्या भावानं एकदा मला मोबाइलवर 'लिसन मी' असं लिहून पाठवलं. मी ते सरांना दाखवलं, तर ते कळवळले. "टू कुठाय? टूशिवाय लिसन म्हणजे नवरदेवाशिवाय वरात!"

वरच्या डोंगराला भेग पडल्यापासून पावसाळाभर आमचा एक डोळा वरच असतो. डोंगर हलल्यासारखा वाटला की थाळी बडवायची आणि सगळ्यांनी खाली हमरस्त्यावर पळायचं, असं ठरलेलं आहे.

गेल्या आषाढात भर दुपारी वर धडधडलं. थाळी वाजली. आम्ही परसदारानं पळालो, तीच वाट जवळची. रस्त्यावर बघतो तर सर नाहीत. मी तशीच मागे धावले.

सर पडवीत खुर्चीवर बसलेले. पायात बूट, मांडीवर पिशवी, नजर आमच्या पुढच्या दारावर.

"सर, थाळी वाजली ना!" मी किंचाळले. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी दंडाला धरून ओढत आणलं. मागे वरची भातखाचरं चिखलाखाली गेली. चिखल घरांपर्यंत आला नाही, हे नशीब.

रस्त्यावर पोचल्यावर मात्र माझा तोल गेला. "अहो, बसून काय राहिलात? जीव नकोय का?"

"मला ऐकू येत नाही, सुनबाई," सर खालच्या आवाजात म्हणाले. "हिअर-लिसन शिकवणारा माणूस मी, सांगणार कुणाला? पाऊस लागला की तुमच्या दाराकडे बघत बसतो. तुम्ही पळालात की मीही पळायचं. आज दार उघडलंच नाही."

"आणि रात्री?" मी विचारलं.

ओठांवरून त्यांना कळलं. "रात्री भिंतीला हात लावून बसतो. हादरली तर समजेल."

सासूबाई बाजूलाच उभ्या होत्या. "आजपासून आमच्याकडं निजायचं," त्या म्हणाल्या. सर पिशवीचा बंद आवळत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

आमच्याकडे बाईमाणूस परक्या पुरुषाचा हात धरत नाही. सासूबाईंनी भर रस्त्यात, सगळ्या वाडीसमोर, सरांचा हात धरला आणि शाळेत निवाऱ्याला पोचेपर्यंत सोडला नाही.