एव्हेनोरची पार्श्वभूमी

"फ्रीजर आपल्याच घरी येणार! मी जागा करून ठेवते!" आउरालीलाने हे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, तेव्हा स्पर्धेसाठी अजून नवऱ्याचं नावसुद्धा नोंदवलेलं नव्हतं.

पण बाईचा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता हं! तिचा नवरा एव्हेनोर सेलेदोन याचं निकाराग्वाच्या राजधानीत, मानाग्वातल्या आमच्या वस्तीत औषधाचं दुकान आहे, आणि या माणसाला जगातलं सगळं ठाऊक आहे. सगळं म्हणजे सगळं! आमच्यातला कुणी डोकेदुखीची गोळी मागायला गेला, की त्याला ती गोळी मूळ कुठल्या झाडाच्या सालीतून आली, तिथपासून ऐकावं लागायचं. गोष्ट संपेपर्यंत डोकं दुखायचं आपोआप थांबलेलं असायचं आणि गोळी न घेताच माणूस घरी जायचा. दुकान चालायचं नाही, पण दुकानापुढची बाकडी कधी रिकामी नसायची. एव्हेनोर उत्तर द्यायचा एका दमात आणि मग म्हणायचा, "आता याची पार्श्वभूमी अशी..." बस्स! लोक पाय पसरून बसायचे.

आउरालीलाला या पार्श्वभूमीचा अभिमानही होता आणि वैतागही. कारण घर चालायचं ते तिच्या सरबतांवर. चिंच, पिताया म्हणजे लालभडक ड्रॅगनफ्रूट, कोको यांची सरबतं लहान पिशव्यांत भरायची, गाठ मारायची, गोठवायची आणि उन्हात विकायची. मानाग्वाच्या उन्हात माणूस थंडगार सोडून दुसरं काय मागणार? खप भरपूर होता, पण गोठवायला जागा नव्हती. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा म्हणजे टोपीएवढा. म्हणून पिशव्या समोरच्या म्हाताऱ्या दोन्या चेपिताच्या ('दोन्या' म्हणजे आमच्याकडचं मानाचं 'बाई') फ्रीजरमध्ये ठेवाव्या लागायच्या आणि रोज तिचं ऐकून घ्यावं लागायचं.

"आउरा, तुझी चिंच माझ्या कोंबडीला चिकटली गं! काल रश्शाला काय चव आली म्हणून सांगू!"

"दोन्या, आज काढून नेते."

"ने बाई, ने. फ्रीजर माझा, वीज माझी, आणि थंडावा तुझ्या गिऱ्हाइकांना!"

हे टोमणे आउराच्या अगदी जिव्हारी लागायचे. अशात रेडिओवर जाहिरात लागली: सामान्यज्ञानाची महास्पर्धा, पहिलं बक्षीस वर झाकण उघडणारा भला मोठा आडवा फ्रीजर! आउरा हातातलं काम टाकून रेडिओला कान लावून उभी राहिली. निवेदक सांगत होता, "उत्तर एका शब्दात द्यायचं, दहा सेकंदांत! आणि त्यानंतर..." आणि वीज गेली.

त्यानंतर काय, ते ऐकायची आउराला गरजच वाटली नाही. एका शब्दात! एव्हेनोरला एका शब्दात उत्तर? तो 'शुभ प्रभात'सुद्धा मागचापुढचा संदर्भ देऊन म्हणतो!

त्याच संध्याकाळी तिने ताडपानाचा पंखा हातात घेतला आणि नवऱ्याला खुर्चीत बसवलं.

"हे बघ, पंखा वर गेला की तोंड बंद. कळलं?"

"कळलं. पण पंख्याचा शोध..."

पंखा वर गेला.

"पनामा टोपी कुठल्या देशाची?"

"एक्वादोर! आता याची पार्श्वभूमी अशी, की कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा माणसं पनामामार्गे..."

फट्‌! पंखा थेट डोक्यावर आला.

"टोमॅटो?"

"फळ. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या..."

फट्‌!

आठवडाभरात एव्हेनोर असा काही तयार झाला, की बघणाऱ्याला गलबलून यावं. उत्तर द्यायचा आणि उरलेलं आवंढ्याबरोबर गिळायचा. न सांगितलेल्या गोष्टी गळ्याशी दाटून बिचाऱ्याला उचक्या लागायच्या. दुकानातही हाच नेम सुरू झाला. बाकड्यांवरची माणसं हताश होऊन घरी गेली. आउरा मात्र खुशीत होती. तिने स्वयंपाकघरातलं टेबल हलवून फ्रीजरची जागासुद्धा झाडून ठेवली.

आणि नेमकी तेव्हाच दोन्या चेपिता रक्तदाबाच्या नव्या गोळ्या घेऊन दुकानात आली.

"काय रे पोरा, डॉक्टरांनी ही बाटली दिलीय. या गोळ्या जन्मभर घ्यायच्या का?"

"हो," एव्हेनोर म्हणाला.

"मग दुसरी बाटली आत्ताच नेऊन ठेवते."

"नको."

"नको?"

"नको."

दोन्या चेपिता काउंटरला धरून उभी राहिली. जन्मभर घ्यायच्या, आणि दुसरी बाटली नको! हिशेब सरळ होता. ती थेट घरी गेली आणि स्वच्छ चादर घालून अंथरुणाला खिळली.

खरी गोष्ट एवढीच होती, की ही बाटली संपली की डॉक्टर गोळीचं प्रमाण बदलणार होते. पण ती पार्श्वभूमी होती ना! ती एव्हेनोरने गिळली होती.

दुपारपर्यंत दोन्याच्या घरी पाद्री आला. संध्याकाळी मसाया गावाहून भाचे आणि भाच्या आल्या. जपमाळ सुरू झाली, अंगणात रडणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या गेल्या. आणि एवढ्या उकाड्यात एवढी माणसं रडणार, तर त्यांना थंड काही नको? भाच्यांनी फ्रीजर उघडला. आउरा धावत पोचली तेव्हा तिची आठवडाभराची चिंच आणि पिताया शोकाकुल मंडळी चोखत बसली होती!

"कुणी सांगितलं म्हातारीला, की ती मरणार?" आउराने एका भाचीला गाठलं.

"तुमच्याच नवऱ्याने! तेही एका शब्दात. इतकं वाईट होतं म्हणे, की त्या माणसाला पुढे बोलवेना!"

आउराने कपाळावर हात मारला आणि एव्हेनोरला ओढत आणलं. दोन्याने क्षीण आवाजात विचारलं, "पोरा, खरं सांग. मी जाणार का?"

एव्हेनोरने आउराकडे पाहिलं. शाळेतल्या मुलासारखा चेहरा! प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' असंच होतं, कारण माणूस कधी ना कधी जातोच, आणि खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने 'हो' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

"थांब!" आउरा किंचाळली. "सगळं सांग! पार्श्वभूमीसकट सांग!"

मग काय! एव्हेनोरने गोळीचं प्रमाण सांगितलं, रक्तदाब पहिल्यांदा एका घोडीचा मोजला होता ते सांगितलं, हृदय दिवसभर किती राबतं ते सांगितलं. जपमाळ थांबली. पाद्री खुर्ची पुढे ओढून बसला. आणि दोन्या चेपिता ताडकन उठून बसली ती थेट भाच्यांवर ओरडत, "माझं मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मटण कुणी संपवलं रे?"

आउरा त्या रात्री फार झोपली नाही. सरबतं गेली होती, दोन्याने फ्रीजरला कुलूप लावलं होतं, आणि आता जिंकण्यावाचून इलाज नव्हता. "दुकानात बोल हवं तेवढं," तिने नवऱ्याला बजावलं, "पण तिथे मंचावर एक शब्द! पंख्याकडे लक्ष ठेव."

स्पर्धा चर्चच्या सभागृहात होती. पुरीसिमाचे, म्हणजे आमच्या मारियामातेच्या नवरात्रीचे दिवस, म्हणून माणसं उत्साहात होती आणि आमची सगळी वस्ती हजर होती. अगदी दोन्या चेपिताही, जिवंत राहिल्याच्या खुशीत फुलं माळून! निवेदक होते श्री. ओयार्सून, नुकतेच चिलीहून आलेले. मंचावर मधोमध फ्रीजर ठेवला होता, पांढराशुभ्र, रिबीन बांधलेला. आउरा त्याच्याकडे नव्या नवरीसारखी बघत होती.

पहिली फेरी सुरू झाली. "ऑक्टोपसला हृदयं किती?"

"तीन!"

"पनामा टोपी कुठली?"

"एक्वादोर!"

एव्हेनोर ताडताड उत्तरं देत सुटला. बाकीचे स्पर्धक एकेक करत गळाले आणि उरल्या फक्त शेजारच्या वस्तीतल्या शिक्षिका इलेआना उर्बिना. आउराने पंखा छातीशी धरला. फ्रीजर हातात आल्यातच जमा होता!

"आणि आता," ओयार्सून म्हणाले, "ज्याची सगळे वाट बघताहेत ती निर्णायक फेरी! नियम तुम्ही रेडिओवर ऐकलेच असतील. उत्तराला एक गुण, आणि त्यामागची पार्श्वभूमी रंगवून सांगण्याला नऊ!"

आउराच्या डोळ्यांपुढे अंधार आला. वीज गेली होती ती नेमकी इथे!

इलेआनाबाईंनी बटाटा आंदीज पर्वतातून जगभर कसा गेला, ते सुरेख सांगितलं. टाळ्या पडल्या. मग एव्हेनोरची पाळी आली.

"ऑक्टोपसच्या रक्ताचा रंग कोणता? आणि का?"

"निळा."

"का?"

"तांबं," एव्हेनोर म्हणाला.

उत्तर अगदी बरोबर होतं. ओयार्सूननी विचारलं, "जरा खुलवून सांगाल?"

"तांबंच."

आउरा खुर्चीवर चढली. "बोल! अरे बोल!" असं ओरडत तिने दोन्ही हात हलवले. पण सभागृहात लोक एवढे हसत होते, की आवाज पोचला नाही. पोचला तो फक्त हातातला पंखा, वर-खाली, वर-खाली! एव्हेनोरने तो पाहिला आणि ओठ आणखी घट्ट मिटले. तिने जोरात हलवला, तसा त्याने श्वासही धरला.

लोक खुर्च्या बडवून हसायला लागले. चिलीच्या त्या भल्या माणसाला वाटलं, ही मंडळी आपल्या कार्यक्रमावर खूश आहेत. त्याने हात पसरून प्रेमाने विचारलं, "अहो, एवढा आनंद कुणामुळे?"

आता हा प्रश्न चिलीत विचारला तर चालत असेल. निकाराग्वात, तोही पुरीसिमाच्या दिवसांत? अख्खं सभागृह एका क्षणात उभं राहिलं आणि छप्पर उडेल अशा आवाजात गरजलं, "मारियेच्या निष्कलंक संभवामुळे!"

ओयार्सून दोन पावलं मागे सरकले. मारिया आईच्या पोटात आली तीच निष्पाप, त्या आनंदाचाच हा सण; दारोदार हाच प्रश्न आणि हेच उत्तर! आणि मग रीतीप्रमाणे लोक पिशव्या उघडून मंचापुढे रांगेत उभे राहिले. हा प्रश्न झाला, उत्तर झालं, म्हणजे आता खाऊ मिळणार! दोन्या चेपिता सर्वांत पुढे होती. "ऊस नाही? लिंबं नाहीत? निदान लाडू तरी?" फ्रीजरच्या दुकानाचा माणूस घाबरून जाहिरातीच्या दिनदर्शिका वाटायला लागला.

"हे... हे काय चाललंय?" ओयार्सूननी एव्हेनोरला विचारलं.

आउराने पंखा हवेत भिरकावला. तो फिरत फिरत जाऊन फ्रीजरच्या मागे पडला आणि दिसेनासा झाला. एव्हेनोरने तो पडताना पाहिला, आउराकडे पाहिलं. ती हात जोडून उभी होती.

"आता याची पार्श्वभूमी अशी..." एव्हेनोर म्हणाला.

काय बोलला तो! लेओन शहरातल्या सान फेलिपेच्या चर्चमध्ये दीडशेएक वर्षांपूर्वी लोकांना घरोघर जाऊन हीच आरोळी द्यायला कसं सांगितलं गेलं, ते सांगितलं. सेरो नेग्रो ज्वालामुखीने शहरावर राख ओतली, छपरं वाकली, तेव्हा लेओनच्या लोकांनी नवस बोलून ऑगस्टमध्येही हीच आरोळी कशी सुरू केली, ते सांगितलं. त्याला राखेचा वास माहीत असल्यासारखा तो बोलत होता. ज्यांनी जन्मभर ती आरोळी दिली, ते आम्ही सगळे पिशव्या हातात घेऊन ऐकत उभे होतो. आपण काय ओरडतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आउराचे डोळे भरून आले. हा माणूस आपला आहे, आणि आपण याच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, असं तिला राहून राहून वाटत होतं.

"पण हा प्रश्न यादीतला नाही," परीक्षकांपैकी कुणी तरी पुटपुटलं.

"तुम्ही गप्प बसा हो!" इलेआनाबाई कडाडल्या. "प्रश्न यांनी मंचावरून विचारला ना? मग तो प्रश्नच! द्या त्यांना नऊ गुण. आणि एव्हेनोर, ते ऑक्टोपसचं तांबंही सांगून टाका, मला चैन पडत नाहीये."

एव्हेनोरने फ्रीजर जिंकला! दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीवरून आला. स्वयंपाकघराच्या दारातून मात्र तो काही केल्या आत जाईना. आउराने जागा झाडली होती, दार मोजलं नव्हतं. शेवटी तो दुकानापुढच्या ओसरीत ठेवला. तिने पहाटेच चिंचेचं सरबत केलं होतं, पिशव्यांना गाठी मारून टोपली तयार होती. ती टोपली घेऊन बाहेर आली आणि थबकली.

झाकणावर माणसं बसली होती. पाद्री, दोन्या चेपिता, तिचे दोन भाचे आणि गाडीवाले हमालसुद्धा. बाकडी तर केव्हाच भरली होती. एव्हेनोर समोर उभा राहून सांगत होता, की यंत्रं नव्हती तेव्हा उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ करवतीने कापून, भुशात दाबून, जहाजांनी हवानापर्यंत यायचा.

"उठा जरा," आउरा म्हणाली. "मला झाकण उघडायचंय."

"थांब गं! जहाज आत्ता कुठे समुद्रात आलंय," दोन्या चेपिताने हात झटकला.

"अहो, माझी चिंच..."

"चिंच कुठे पळून जात नाही. ऐक!"

आउराने एव्हेनोरकडे रागाने पाहिलं. मग टोपलीकडे पाहिलं. मग तिच्याही नकळत तिच्या तोंडून निघून गेलं, "मग वाटेत तो वितळायचा नाही?"

"शाब्बास! बरोब्बर प्रश्न!" एव्हेनोरचा चेहरा उजळला. "आता याची पार्श्वभूमी अशी..."

दोन्या चेपिता थोडी सरकली. आउराने टोपली खाली उन्हात ठेवली आणि ती दोन्याच्या शेजारी झाकणावर टेकली.