शांत टाकी

मी फार शिकलेलो नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही. जन्म कारखान्यात घणाच्या मशीनशेजारी गेला. तिथे शिकलेले आणि न शिकलेले, सगळे सारखेच बहिरे होतात.

सूनबाई मात्र माशांवर डॉक्टरकी करते. (आजारी माशांवर नव्हे. धडधाकट मासे घ्यायचे आणि त्यांना छळायचं, असली डॉक्टरकी.) तिच्या प्रयोगशाळेतला पाण्याचा पाइप फुटला, म्हणून तिने दोन टाक्या घरी आणल्या.

"बाबा, मासा घाबरला की त्याच्या अंगात एक रस सुटतो. तो लिव्हरला सांगतो, साठवलेली साखर काढ बाहेर. रोज रोज घाबरला की लिव्हर रिकामं होत जातं. तेच मला दाखवायचंय. एका टाकीत रोज जाळं फिरवून मासे पळवायचे, दुसरी एकदम शांत ठेवायची. हे चुकलं तर माझी डिग्री लटकली."

जाळ्याचं काम आमच्या हिच्याकडे, स्वयंपाकघरात. शांत टाकी माझ्या खोलीत. घरात बिनकामाचा मी, म्हणजे शांतही मीच, असा सूनबाईचा हिशोब.

"काही करायचं नाही हं बाबा. चिमूटभर खाणं टाकायचं, बस्स."

पहिल्या दिवशी तसंच केलं. पण मासे बिचारे एकटे वाटले. म्हटलं, जरा सोबत करू. खुर्ची काचेला भिडवली, लोकरीची टोपी कानावर ओढली आणि पेपर वाचून दाखवायला लागलो. पेपर वाचला की मला संताप येतो, तोही त्यांना समजावून सांगितला. लक्ष देईनात तेव्हा काचेवर टकटक केलं. खाताना शिस्त लावली.

"ए लांबशेपट्या, रांगेत ये! बापाची टाकी आहे का?"

(हळूच बोलत होतो. समोरच्या इमारतीतली खिडकी रोज बंद व्हायची, ती थंडीमुळे असणार.) मासे इतके मन लावून ऐकायचे की खाणंसुद्धा विसरायचे.

महिन्याने सूनबाई मासे तपासून आली, ती तोंड पाडूनच.

"सगळं उलटं झालंय! जाळ्यातल्यांची लिव्हर साखरेनं गच्च, आणि शांत टाकीतल्यांची रिकामी. आई, जाळं फिरवलं होतंत ना?"

"फिरवलं की. पण हळू. 'झालं हं राजा, झालं' म्हणत. मग खाऊ घालायचे. शेवटी शेवटी तर जाळं दिसलं की तेच धावत यायचे."

सूनबाई माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही काय केलंत?"

"मी? नुसता बसलो होतो."

"नुसते बसले होते म्हणे," ही म्हणाली. "अगं, आधी माझं लिव्हर तपास. त्याच खोलीत जन्म काढलाय मी."

पण पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही कसंतरीच झालं.

"पुन्हा कर. या खेपेला मी तोंड उघडणार नाही."

ती डोळे पुसून म्हणाली, "नको बाबा. उघडा."

नवे मासे आले. शांत टाकी हिच्याकडे गेली, छळायची माझ्याकडे. जाळं माळ्यावर टाकलं. रोज खुर्ची, टोपी, पेपर, टकटक. आपल्यावाचून डिग्री अडलीय म्हटल्यावर माणूस जीव तोडून काम करतो. अन् नेमका माझा घसा बसला, ताप भरला. पांघरुणातून घोगऱ्या आवाजात विचारलं, "आता प्रयोग खोळंबणार ना गं?"

"नाही हो बाबा, तुम्ही पडून राहा," सूनबाई म्हणाली. "टाकीसमोर तुमची टोपी टांगलीय. तेवढ्यानं भागतंय."