परबकाका मेन बंद करतात

आमच्या घरातली लाईट वर्षातून पाच-सहा वेळा परबकाकांच्या खिशात असते. खरोखर खिशात. साधा होल्डर बदलायचा असला तरी हा माणूस आधी खाली मीटरपाशी जाणार, आमच्या खोलीचा फ्यूज उपटणार, शर्टाच्या खिशात टाकणार आणि खिशावर हात ठेवून जिने चढत येणार. "मेन बंद केलो तर कोण पण चालू करीत. खिशात हात कोण घालतलो?" 

एकदा काम झालं, चहा झाला आणि काका आमचा फ्यूज घेऊन थेट मासळीबाजारात गेले. मे महिना. दोन तास मी आणि आई पुठ्ठ्याने वारा घेत बसलो. परत आल्यावर मी ओरडलो, तर म्हणतात कसे, "गरम झाला ना? मेलास तर नाय ना?"

मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार माळ्यांची बिल्डिंग. दुसऱ्या माळ्यावर आम्ही आणि समोरच्या दारात काका. मूळचे मालवणकडचे, कुर्ल्याच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून सगळी नोकरी झाली. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. बिल्डिंगमध्ये कुठेही खटका पडला की हाक काकांनाच, आणि हाक नाही मारली तरी येतातच. पूजेला बोलावलं तर देवाआधी रोषणाईच्या माळेचा प्लग बघतात. "नागड्यो वायरी काडेपेटीच्यो काड्यो लावन कोणी कोंबल्यान हय?" भटजी स्वतः उठून माळ काढतात.

गेलं वर्षभर त्यांना नवीन खूळ लागलं होतं. बोर्ड उघडला की शेजारी उभा असेल त्याची परीक्षा. "सांग बघू, हिरवी खंयची? काळी खंयची?" मी पंचेचाळीस वर्षांचा घोडा, ऑफिसात चार माणसं मला साहेब म्हणतात, आणि इथे बोट दाखवून सांगायचं: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची. "शाबास." डोकंच फिरायचं माझं.

त्या शनिवारी आमच्या गीझरचा भिंतीतला प्लग जळला. मी कामावर होतो, घरी आई एकटीच. तिला मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आलाय. सकाळी गरम पाण्याने शेकल्याशिवाय तिचा उजवा हात हलत नाही. काकांनी दुपारी येऊन नवीन प्लग बसवला, टेस्टर लावून बघितला, पेटला, गेले.

रविवारी सकाळी गीझरचं बटण दाबलं आणि अख्ख्या घराची लाईट गेली. खटका वर करून पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. काका देवळात गेलेले. आई पलंगावर हात धरून बसलेली. मी नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन आलो. तो म्हणाला, "कॉइल गेली साहेब. तोपर्यंत हा ईएलसीबी काढून डायरेक्ट करून देतो." शॉक लागायच्या आत घराची लाईट पाडणारा तो डबा. आईची आंघोळ खोळंबली होती, मी म्हटलं काढ.

"हात लावू नको!" दारात काका, कपाळावर गंध. "मेल्या, तो डबो काढलंस तर म्हातारी जातली!"

त्या माणसाने पिशवी उचलली आणि जो गेला तो गेला.

मग काकांची पद्धत सुरू झाली. सगळी बटणं बंद, सगळ्या पिना बाहेर. डब्याचा खटका वर केला, तो राहिला. एकेक वस्तू लावायला सुरुवात. फ्रिज ठीक. मिक्सर ठीक. गीझर, खट्! मग त्याच प्लगमध्ये आमची इस्त्री लावली. तरी खट्! म्हणजे गीझरचा दोष नाही, दोष प्लगमध्ये. आणि तो प्लग कालच काकांनी स्वतः बसवलेला. ते खाली जाऊन फ्यूज खिशात घालून आले आणि प्लग उघडला.

"हिरवी खंयची?"

मी सवयीने बोट दाखवलं आणि थबकलो. हिरवी काळीच्या जागी होती. काळी अर्थिंगला.

"काका, उलट लागल्यात."

त्यांनी चष्मा पुसला, अगदी नाक लागेपर्यंत वाकले. "ही काळी नाय?"

"नाही हो. ही हिरवी."

"माका दोनय सारख्योच दिसतत," काका म्हणाले आणि पालथ्या बादलीवर बसले. वर्षभर चाललेली परीक्षा माझी नव्हतीच. शनिवारी विचारायला शेजारी कोणी नव्हतं, एवढंच.

"डबो पडलो म्हणान तुझी आई वाचली. नायतर एक दिस गीझरात करंट उतरलो असतो रे. माझ्या हातून."

ते सांगत गेले, मी वायरी बदलल्या. पाणी तापलं. आतून आई आनंदाने ओरडली, "परबभावजी, झकास तापलंय हो!" काका बोटांवर काहीतरी मोजत होते.

त्यांना आठवत होतं, वर्षभरात कोणाकोणाकडे त्यांनी एकट्याने काम केलं होतं ते. नऊ प्लग. लगेच जाऊया म्हणाले. ज्या माणसाच्या कामात चूक काढायची कोणाची छाती झाली नव्हती, तो दारोदार बेल वाजवून सांगत होता, "मी बसवलेलो प्लग चुकलो असात. उघडून बघूचो आसा." चौथ्या माळ्यावरच्या जोशीवहिनी म्हणाल्या, "राहू द्या ना काका, चालतंय की." काका म्हणाले, "चालता म्हणजे बरोबर आसा असा नाय." मला बघवत नव्हतं.

नऊच्या नऊ बरोबर निघाले. तरी काकांचा चेहरा तसाच. जिन्यात बसून म्हणाले, "आता माका बोलवू नको."

मी भडकलो. "अहो, मोतीबिंदूच असणार! अर्ध्या तासाचं ऑपरेशन. सगळं जग करतं, तुम्हालाच काय धाड भरलीय?"

"ऑपरेशनाचा भय नाय रे. मागसून दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालूचा लागता. माका एकट्याक जमना नाय. महिनोभर पाणी घेऊन बघितलंय. सगळा गालार जाता."

आमच्या दोन दारांत चार पावलं आहेत. एवढ्या जवळ हा माणूस महिनाभर मान वर करून स्वतःच्या गालावर पाणी सांडत होता. मला माझीच लाज वाटली. वीस वर्षांत मी त्यांचं दार वाजवलं ते फक्त घरातली लाईट गेल्यावर.