पिंपाची प्रदक्षिणा

बसवनगुडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक गृहस्थ रोज सकाळी पत्र्याच्या पिंपाभोवती फेऱ्या मारतात, असं मी पुण्याच्या मेहुण्याला सांगितलं. त्याने घाबरून विचारलं, "पिंपात कोण आहे?"

पिंपात वाळू होती, हलू नये म्हणून. पिंपावर काचेची एक जाड चकती घट्ट बसवलेली आणि तिच्यावर दुसरी. मध्ये ओली पूड घालून गुंडूअण्णा वरची चकती पुढेमागे घासत, एक पाऊल सरकत, पुन्हा घासत. असं घासत राहिलं की वरची चकती खोलगट होते आणि तिचा दुर्बिणीचा आरसा होतो. सगळीकडून सारखी झिजावी म्हणून माणसानं फिरायचं. "मशीन का नाही आणत?" असं विचारलं की म्हणत, "स्वल्प थांबा." कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर. लग्नाचं विचारणारेही हेच ऐकून थकले म्हणे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, पण घाई अंगाला शिवली नाही.

अण्णांचं गाव बेळगावपलीकडचं, मठाचं. त्या गावाचा इतिहास आम्हा शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे, कारण सुटका नाही. जुन्या स्वामींनी मठावर दुर्बीण बसवली आणि यात्रेच्या संध्याकाळी गावाला ग्रह दाखवायची प्रथा पाडली. तेव्हापासून त्या गावात एका घरात पुजारी निपजतो आणि शेजारच्या घरात विज्ञानाचा मास्तर. "ग्रहणात तुम्ही दारं लावून बसता," अण्णा छाती फुगवून सांगत, "आमच्याकडे मठाची घंटा लोकांना बाहेर बोलावते!" पण दुर्बिणीचा आरसा कधीच काळवंडून गेला होता. यंदाच्या यात्रेला नवा न्यायचा, हा अण्णांनी ध्यास घेतला.

तिसऱ्या मजल्यावरच्या सरोजक्कांना या फेऱ्या भक्तीच्या वाटल्या. एके दिवशी पिंपाला हळदकुंकू लागलं. अण्णा ओरडले, "अहो, काचेत कण गेला तर शनीला चरा पडेल!"

झालं. शनीचं नाव निघाल्यावर काय, शनिवारी पिंपापुढे तेलाचा दिवा, काचेवर काळे तीळ आणि हात जोडलेल्या चार बायका.

तिळांबरोबर खडा आला आणि चरा खरंच पडला. अण्णा पाण्याच्या टाकीखाली मटकन बसले होते. स्वल्प थांबा म्हणाले नाहीत, तेव्हा मला भीती वाटली.

"यंदा नाही झालं तर उपयोग नाही," ते म्हणाले. "अक्काचा एक डोळा गेला. दुसराही विझत चाललाय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. यात्रेला मठाच्या सैपाकघरात भात रांधण्यात जन्म गेलेली. "आम्ही पुरुष दुर्बिणीपाशी रांगेत. बायकांची भांडी होईतो शनी शिखराआड गेलेला. मी धावत सांगायला जायचो. ती राखेनं भांडी घासत म्हणायची, तू सांग, मी ऐकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पिंपाशी उभा राहिलो. मागून सरोजक्का पदर खोचून आल्या. "माझ्यामुळं चरा पडला नव्हे? माझ्याच हातानं जाऊ दे. सरी? चालेल?" मग अण्णांच्या देखरेखीखाली सगळी बिल्डिंग पाळीपाळीनं फिरली. चरा गेला, आरशाला मुलामा चढला आणि तो गोधडीत गुंडाळून आम्ही यात्रेला निघालो.

संध्याकाळी मठावर रांग लागली ती नेहमीचीच. पुढे स्वामी, मागे पंच, मग गावातल्या सगळ्या मिशा. अण्णा दुर्बिणीपुढे आडवे उभे राहिले.

"स्वल्प थांबा. आधी सैपाकघर."

तरुण स्वामी हसले, "सरी" म्हणाले आणि स्वतः मागे सरकले.

अक्का हात पुसत आल्या. उरलेला डोळा लावला. मग साऱ्या मठाला ऐकू गेलं, "गुंड्या, ह्या शनीनं गोठ घातलाय की रे हातात!"

बायकांनी टाळ्यांनी मठ डोक्यावर घेतला. एकेक जण पुढे आली, पुन्हा मागे जाऊन रांगेत उभी राहिली. त्या दिवशी पंगत आम्ही पुरुषांनी वाढली. मी दोन पंचांच्या धोतरांवर सार सांडलं, पण कुणी रागावलं नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

वाढून झाल्यावर अण्णांना शोधत मागच्या अंगणात गेलो. ते राख घेऊन पातेलं घासत होते. शेजारी पाटावर बसून अक्का हातवारे करत त्यांना शनी कसा दिसतो ते सांगत होत्या. मध्येच थबकून म्हणाल्या, "अरे, तू तर पाहिलायस."

"नाही," अण्णा म्हणाले. "तू सांग, मी ऐकतो."