सात नंबरचा नळ

सात नंबरच्या खोलीतला नळ पाहताच लोर्न डॅनिल्यूकचे हात शिवशिवले. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस. निवृत्त झाला तरी प्रवासाच्या बॅगेत पाना आणि चार वायसर असायचेच. इथे तर नळाची चावी सताड उघडी, पाण्याचा थेंब नाही, नुसती हवा फुसफुसतेय, आणि खाली पत्र्याची बादली पालथी घातलेली.

"लोर्न, आपण सुट्टीवर आलोय," व्हर्ना म्हणाली.

"हे रिसॉर्ट आहे की भंगारचं दुकान?"

"स्वस्तातलं रिसॉर्ट आहे. तूच शोधलंस."

मेक्सिकोतल्या नायारितच्या डोंगरातल्या त्या गावात दुसरं रिसॉर्ट नव्हतंच. नऊ खोल्या, पोहण्याचा एक कोरडा तलाव, दोन आंब्याची झाडं. मालकीण दोन्या एर्मिला, म्हणजे एर्मिलाबाई. तिच्या नातीचा, यारेत्सीचा, पंधरावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी, शनिवारी होता; तिकडे मुलीचा पंधरावा लग्नाच्या थाटात साजरा करतात. सगळ्या खोल्या पाहुण्यांनी भरल्या होत्या, म्हणून एरवी बंद असणारी सात नंबरची खोली या दोघांना मिळाली. व्हर्ना सामान आणायला गेली असताना, किल्ली देताना एर्मिलाबाईंनी नळाकडे बोट करून स्पॅनिशमध्ये बरंच काही सांगितलं होतं. लोर्नने काही न कळता प्रत्येक वाक्याला "सी, सी", म्हणजे हो हो, म्हणत मान डोलावली होती.

"बिचारी नळाची तक्रार करत होती," त्याने व्हर्नाला सांगितलं. आणि संध्याकाळी जेवणाआधी नवा वायसर घालून, टेप गुंडाळून, नळ असा आवळला की बस्स. बादलीही सुलटी करून कोपऱ्यात ठेवली. रात्री दोघं गाढ झोपली.

सकाळी आठला अंगणात कालवा झाला. लोर्न बाहेर आला तर गल्लीतल्या दहा-बारा बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या. चुलीवर पोसोले नावाच्या रश्श्याची दोन अवाढव्य पातेली, आत मका आणि मटण, पाणी नाही. गच्चीवरची टाकी पाहुण्यांच्या आंघोळीत आदल्या दिवशीच संपलेली. चारला दीडशे माणसं जेवायला येणार होती. यारेत्सी गुलाबी घेरदार झगा हातावर घेऊन रडत होती.

व्हर्नाला थोडं स्पॅनिश यायचं. ती चौकशी करून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"लोर्न, गावात पाणी मंगळवारी आणि शनिवारी येतं. पहाटे पाच ते सात, तेवढंच."

"मग भरून ठेवायचं की!"

"भरतात. आपल्या खोलीतला नळ थेट रस्त्याच्या पाइपला जोडलाय. पाणी आलं की ते पालथ्या बादलीवर धडाधड पडतं. त्या आवाजाने एर्मिलाबाई उठतात, त्या गल्लीला उठवतात. आज आवाजच झाला नाही."

लोर्न पायरीवर मटकन बसला. मग उठला, एर्मिलाबाईंपुढे गेला आणि जवळ होतं तेवढं सगळं स्पॅनिश एकदम वापरलं.

"मी नळ डॉक्टर. नळ बरी झाला. पाणी मेली. मी गाढव."

एर्मिलाबाई बघतच राहिल्या. "अहो, मी तुम्हाला बजावलं होतं ना, हात लावू नका म्हणून!"

व्हर्नाने अर्थ सांगितला. लोर्न म्हणाला, "मला वाटलं, हात लावा म्हणतेय."

तेही व्हर्नाने सांगितलं. आधी एक बादलीवाली फिसकन हसली, मग दुसरी. एर्मिलाबाईंनीही हसता हसता एप्रनने डोळे पुसले. "आता बसून काय होणार? एलेउतेरियो, गाडी काढ!"

शेजारच्या एलेउतेरियोच्या टेंपोत चार पिंपं चढली. वर डोंगरात झरा होता. पिंपांच्या तोट्या गळक्या निघाल्या, तिथे मात्र लोर्नची टेप कामी आली. तीन खेपा झाल्या. अडुसष्ट वर्षांच्या लोर्नने बादल्या वाहिल्या, पातेली भरली, गल्लीतल्या एकेका दारात पाणी पोचवलं. कोणी त्याच्या हातात मक्याच्या पानात उकडलेला गरम तमाल दिला, कोणी डोक्यावर टोपी घातली. शिव्या कोणीच दिल्या नाहीत. त्याचंच त्याला जास्त लागलं.

चारला पंगत बसली. झऱ्याच्या पाण्यातलं पोसोले असं जमलं होतं की म्हातारे वाडगे चाटत होते. एलेउतेरियोने माइक हातात घेतला आणि नावं पुकारू लागला. एकेक जण उठे, टाळ्या पडत. मग लोर्नला स्वतःचं नाव ऐकू आलं, आणि त्यापाठोपाठ 'पाणी'.

झालं. आता सगळ्या गावासमोर आपले वाभाडे निघणार. लोर्न उभा राहिला, टोपी काढली, मान खाली घातली. "माफ करा," तो स्पॅनिशमध्ये म्हणाला. दुप्पट टाळ्या झाल्या. "माफ करा!" तो ओरडून म्हणाला.

व्हर्नाने त्याची बाही ओढली. "अरे, माफी कसली मागतोस! इथे समारंभातली एकेक गोष्ट देणाऱ्याला मान देतात. केकचे मानकरी झाले, मुकुटाचे झाले, तसा तुला पाण्याचा मानकरी केलाय. पोरीच्या धर्माच्या बापासारखाच तो. तिच्या लग्नालाही यावं लागेल तुला."

लोर्नने टोपी परत डोक्यावर घातली. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरी पाणी नेलं होतं, पण कोणी जेवायला बसवलं नव्हतं.

तेवढ्यात गुलाबी झगा सावरत यारेत्सी समोर आली आणि नाचासाठी हात पुढे केला. बादल्यांनी त्याची कंबर पार धरली होती, आणि तो स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचला नव्हता. 'नो' हा शब्द तर इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्ही भाषांत एकच. पण लोर्नला तो त्या क्षणी एकाही भाषेत आठवला नाही.