आबांचं चाळीस

त्या गुरुवारी, दर गुरुवारसारखं नृसिंहवाडीला जाताना, हातकणंगल्याच्या पुढे आबांनी एका टेम्पोला मागे टाकलं आणि मीटरकडे बघून हसले.

"बघा. चाळीस. एक रेघ वर न्हाई. तरी ह्यो मागं ऱ्हायलाच. लोकांना गाडी चालवाय येत न्हाई."

"व्हय," आई म्हणाली आणि उसाकडे बघत राहिली.

संयोगिता मागच्या सीटवर पुस्तक वाचत होती. हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. ही अँबॅसिडर घेतली तेव्हा आबांनी ती पूजेला थेट नृसिंहवाडीला नेली होती आणि दत्तासमोर हात जोडून शब्द दिला होता, की चाळीसच्या वर जाणार नाही. तेव्हापासून अख्खी शिवाजी पेठ त्यांना भित्रा म्हणून हसत होती. आबांचं उत्तर ठरलेलं असे. "तुमची मीटरं खोटी. आमचं चाळीस म्हंजे चाळीस."

त्या दिवशी आरती मिळाली. कवठाची बर्फी घेऊन तिघं परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठले नाहीत.

दिवस झाले, पावणे पांगले. आईनं मात्र उंबरा ओलांडला नाही. दोन घास खायची आणि भिंतीकडे बघत बसायची. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "वाडीला घिऊन जा तिला. मन हलकं हुईल." आई भिंतीकडे बघतच म्हणाली. "जाईन. पण त्यांच्याच गाडीनं. आणि त्यांच्या चाळीसनं."

आईनं काही मागितलं, हेच संयोगिताला खूप होतं. पुण्यात ती स्वतःची गाडी चालवायची, पण आबांच्या गाडीला तिनं कधी हात लावला नव्हता. सरावाला म्हणून ती रंकाळ्यापर्यंत जाऊन आली. तेव्हा दिसलं, की गाडी चालू लागली तरी काटा शून्यावरच झोपलेला. बऱ्यापैकी वेग आल्यावर तो जागा होई.

तिनं केरबा मिस्त्रीला बोलावलं. "ताई, ह्या गाडीला माझ्याबिगर कुणी हात लावलेला न्हाई," तो आधीच सांगून मोकळा झाला. "केबल सुकली आसंल." त्यानं केबल काढली, तपासली, गिअरबॉक्सकडचं टोक पाहिलं. सगळं ठीक होतं. ठीक आहे म्हणून सोडून देणं केरबाला जमत नसे. त्यानं केबलला सढळ हातानं तेल पाजलं.

ते तेल केबलमधून चढत मीटरात गेलं. संध्याकाळी संयोगिता फेरी मारून आली, गाडी दारात लावली, किल्ली काढली, तरी काटा नव्वदवर उभा.

नेमके तेव्हाच आबांचे एक जुने स्नेही भेटायला आले. त्यांनी काचेतून आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "आबानं जल्मात न्हाई बघितलं, ते गाडीनं बघितलं."

आक्का धावत आल्या. "अगं, जीव अडकलाय त्यांचा! दत्ताला दिल्याला शबूद मोडला की गं तुम्ही!" त्यांनी मीटरच्या काचेला हळदकुंकू लावलं. सकाळपर्यंत पेठेतली निम्मी माणसं नव्वदचं दर्शन घेऊन गेली. एकानं उदबत्ती लावायला डॅशबोर्डवर जागा शोधली. संयोगितानं त्याला हात जोडले आणि केरबाला निरोप धाडला.

केरबानं मीटर काढून कट्ट्यावर ठेवलं. तेल पुसलं, काटा उपसला, आणि ओरडला, "कुठल्या गाढवानं बसवलाय ह्यो? काटा शून्याच्या खाली ओढून बसवलाय! म्हंजे गाडी पंचावन्ननं पळाली, तरी हितं चाळीसच दावणार!"

संयोगिता मनात मोजू लागली. तो टेम्पो, आधीची सगळी वाहनं, इतक्या वर्षांचे गुरुवार. आबा आयुष्यभर दत्ताला दिलेला शब्द मोडत आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. आईला हे कळलं, तर ती कायमचीच भिंतीकडे तोंड करून बसेल.

"केरबादादा, हळू बोला. आई आत आहे."

"हळू काय बोलू? त्या गाढवाला—"

"स्वतःला गाढव म्हणू नको रं, केरबा." आई उंबऱ्यात उभी होती. "तूच बसवलास."

केरबाचा हात काट्यासकट थांबला. "मी?"

"हे इलेक्शनच्या ड्युटीवर चंदगडला गेलते. मी बोलवून घेतलं तुला. ह्यांच्या चाळीसनं एकदा तरी आरती मिळायची का? म्हटलं, काटाच जरा मागं घे."

केरबानं डोकं खाजवलं. "व्हय की... पोहे घातलेलं की वैनी, तुम्ही."

"आई, आबांनी दत्ताला शब्द दिला होता," संयोगिता म्हणाली.

"त्यांनी दिलेला. मी कुठं दिलेला?" आई पायरी उतरून कट्ट्याशी आली. "आणि त्यांनी मोडला न्हाई. शेवटपर्यंत चाळीसच बघितलं त्यांनी. पाप आसंल तर माझं. देवाला तसं सांगायची मी, दर खेपेला. हे माझ्याशेजारी डोळे मिटून उभे असायचे."

केरबानं काटा फडक्यानं पुसला. मग केरबानं विचारलं, "मग काय करू, वैनी? परत मागं घेऊ?"

आईनं काट्याकडे पाहिलं.

"नको. खरा असू दे. आता फसवायचं कुणाला?"

गुरुवारी दोघी निघाल्या. सांगली रस्त्याला लागल्यावर संयोगितानं काटा चाळीसवर आणला आणि जिवापाड जपत तिथंच ठेवला. उसाचा एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या लावलेला, गाणी वाजवत शेजारून पुढे निघून गेला.

"हे न्हवं," आई म्हणाली. "त्यांचं चाळीस घे."

संयोगितानं पाय दाबला. काटा पंचावन्नपाशी आला आणि गाडीला तिचा ओळखीचा आवाज सापडला. दारं थरथरली. समोरून एसटी अंगावर येत होती. संयोगितानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी सांभाळायला किती कसब लागतं, हे तिला आज कळत होतं. एसटी गेली. आईनं तोंड खिडकीकडे वळवलं.

"आबा," संयोगिता रस्त्यावरची नजर न काढता मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही गाडी चालवत असलात ना, की मला कधीच भीती वाटली नाही."